रेट सिंड्रोम: काय हरवतं, काय शाबूत राहतं

रेट सिंड्रोम हा एका जनुकातल्या दोषामुळे होणारा, मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा आजार, आणि तो जवळजवळ मुलींनाच होतो. त्यातली सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे मुलीचं पहिलं वर्ष. गरोदरपण सुरळीत गेलेलं असतं, बाळंतपणात काही अडचण आलेली नसते. बाळ मान धरतं, हसतं, पालथं पडतं, बसतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. काहीजणी ‘मम्मा’, ‘बाबा’ म्हणायला लागलेल्या असतात, काहीजणी पावलंही टाकत असतात. मग वर्ष-दीड वर्षाच्या आसपास प्रगती अडते आणि काही महिन्यांत मुलगी मागे जायला लागते. येत असलेले दोन-चार शब्द बंद होतात. चमचा, खेळणं, बाटली धरणारे हात काही धरेनासे होतात. रिकामे झालेले ते हात छातीसमोर येऊन एकमेकांत गुंततात. चोळणं, पिळणं, टाळी वाजवल्यासारखं करणं, तोंडात घालणं, हे जागेपणी जवळजवळ सतत चालू राहतं.

नंतर जुने व्हिडिओ पाहताना आईवडिलांना काही खुणा दिसतात. बाळ जरा जास्तच शांत होतं, अंग थोडं सैल होतं, रांगायला उशीर झाला होता. तेव्हा सगळे म्हणत होते, ‘किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही.’ डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर मांडला असेल तर अनेक मुलींची रेषा तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच हळूहळू खाली झुकलेली दिसते. पण हे सगळं मागे वळून पाहताना कळतं. त्या वेळी ते कुणाच्याही, डॉक्टरांच्याही, लक्षात येणं अवघडच असतं. त्यामुळे ‘आम्ही आधी का नाही ओळखलं’ हा प्रश्न पालक स्वतःला कितीही विचारत असले, तरी त्यात फारसा अर्थ नाही.

निदानाचा वळणावळणाचा रस्ता

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं उत्तर बऱ्याचदा ‘थोडं थांबा, काही मुलं उशिरा बोलतात’ असं मिळतं. दुसरं उत्तर ऑटिझमचं. हे दुसरं उत्तर अगदीच निराधार नाही. मुलगी मागे जात असते तेव्हा ती माणसांपासूनही तुटल्यासारखी होते, कारण नसताना रडते, नजर देत नाही. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात तर २०१३ पर्यंत रेट सिंड्रोम ऑटिझमच्याच गटात बसवलेला होता. त्यानंतरच्या आवृत्तीतून तो काढण्यात आला. मोठा फरक पुढे दिसतो. मागे जाण्याचा काळ सरला की रेटच्या मुलीची नजर परत येते, आणि ती अशी येते की समोरच्याला टाळता येत नाही. ती चेहरे बघते, माणसं ओळखते, हवं असलेलं माणूस नजरेने शोधते.

आज निदानाचे मुख्य निकष चार आहेत: शिकलेली हातांची कामं पूर्ण किंवा अंशतः जाणं, शिकलेलं बोलणं जाणं, चालण्यात दोष येणं किंवा चालताच न येणं, आणि हातांच्या त्या ठरावीक हालचाली. याशिवाय मागे जाण्याचा एक काळ आणि त्यानंतर स्थिरावण्याचा किंवा थोडं सुधारण्याचा काळ असायला हवा. आजाराचं नाव ठरतं ते या चित्रावरून. जनुकाची तपासणी त्याला दुजोरा देते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण थोड्या मुलींमध्ये चित्र पूर्ण जुळतं पण जनुकात दोष सापडत नाही, आणि क्वचित दोष सापडतो पण चित्र जुळत नाही.

सर्वसाधारणपणे चार टप्पे सांगितले जातात. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान प्रगती मंदावते. एक ते चार वर्षांच्या दरम्यान मुलगी मागे जाते. काहींच्या बाबतीत आठवड्यांत, काहींच्या बाबतीत वर्षभर हळूहळू. मग येतो लांबलचक स्थिर काळ, जो कित्येक वर्षं, काहींच्या बाबतीत दशकंही टिकतो. पुढे काहीजणींचं चालणं कमी होतं, अंग ताठरतं. मात्र या शेवटच्या टप्प्यातही समज आणि नजर सहसा जात नाही.

तिसऱ्या टप्प्याबद्दल एक इशारा. मागे जाण्याचा भयानक काळ संपतो तेव्हा मुलगी आपोआप शांत होते, झोप सुधारते, नजर परत येते. नेमक्या त्याच सुमाराला घरचे जे काही करत असतील त्याला त्याचं श्रेय मिळतं. एखादं तेल, एखादा महागडा कोर्स, एखादी गोळी. ‘आमच्या मुलीला यानेच फरक पडला’ असं सांगणारे पालक खोटं बोलत नसतात. फक्त हा फरक त्या उपायाशिवायही पडला असता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

नाव कुठून आलं

आन्द्रेआस रेट हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. १९५४ मध्ये त्यांच्या दवाखान्यात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या आणि दोघी अगदी एकसारखे हात चोळत होत्या. रेट यांनी अशा आणखी मुली शोधल्या आणि १९६६ मध्ये त्याबद्दल जर्मन भाषेत लिहिलं. ते फारसं कुणाच्या वाचनात आलं नाही. स्वीडनमध्ये बेंग्ट हागबर्ग हे डॉक्टर स्वतंत्रपणे अशाच मुली पाहत होते. १९८३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, रेट यांचं नाव आजाराला दिलं, आणि मग जगभरातले डॉक्टर आपल्याकडच्या फायली उघडून बघायला लागले.

त्याच सुमाराला ह्यूस्टनमध्ये हुदा झोगबी या तरुण डॉक्टरने अशी मुलगी पाहिली आणि त्या कामालाच लागल्या. सगळ्या रुग्ण मुलीच, तर दोष एक्स गुणसूत्रावर असणार, हा अंदाज होता. पण एकाच घरात दोन रुग्ण जवळपास सापडतच नव्हते, आणि जनुक शोधायला तर अशीच घरं लागतात. अखेर १९९९ मध्ये झोगबी यांच्या गटाला ते जनुक सापडलं. त्याचं नाव एमईसीपी२. त्यापासून बनणारं प्रथिन ब्रिटिश शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने काही वर्षं आधीच, वेगळ्याच कारणासाठी, शोधून ठेवलं होतं. त्याचा या आजाराशी संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पेशीत नेमकं काय बिघडतं

शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण प्रत्येक पेशीला सगळी लागत नाहीत. कुठलं जनुक किती वापरायचं हे ठरवण्यासाठी डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा लावलेल्या असतात. एमईसीपी२ पासून बनणारं प्रथिन या खुणा ओळखून तिथे बसतं आणि आसपासच्या जनुकांच्या वापरावर लगाम ठेवतं. ते एकाच जनुकावर काम करत नाही, हजारोंवर थोडं थोडं करतं. म्हणून त्याच्या अभावी एखादीच गोष्ट बंद पडत नाही. बोलणं, हात, श्वास, आतडी, हाडं, झोप, सगळ्यांवर कमीअधिक परिणाम होतो.

मेंदूतल्या चेतापेशींमध्ये हे प्रथिन भरपूर असतं, आणि जन्मानंतर या पेशी पक्क्या होत जातात, त्यांच्यातले जोड तयार होतात, तसतसं त्याचं प्रमाण वाढत जातं. पहिले महिने बरे जातात आणि मग घसरण होते, याचा धागा इथे आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेट सिंड्रोममध्ये चेतापेशी मरत नाहीत. त्या आकाराने लहान राहतात, त्यांना फांद्या कमी फुटतात, जोड कमी असतात. पण त्या जिवंत असतात. मेंदू झिजत जाणारे जे आजार आहेत त्यांच्या यादीत हा आजार बसत नाही. २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांवर एक प्रयोग केला. त्यांनी उंदरांमध्ये हे जनुक बंद ठेवलं, आजाराची लक्षणं पूर्ण दिसू दिली, आणि मग मोठ्या झालेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं. उंदीर सुधारले. श्वास, चाल, थरथर, सगळ्यात फरक पडला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. तरीही वाढ पूर्ण झाल्यावरही दुरुस्ती शक्य असते, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. त्यानंतरचं जवळजवळ सगळं संशोधन याच प्रयोगाच्या पायावर उभं आहे.

मुलीच का, आणि दोघी सारख्या का नसतात

मुलीच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक पेशी त्यातली एक प्रत कायमची बंद करते. कुठली, हे सहसा योगायोगाने ठरतं, आणि त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही गोष्ट मांडली. अंगावर काळे आणि केशरी ठिपके असलेली मांजर हे याचंच उदाहरण: रंगाचं जनुक एक्सवर असतं, एका ठिपक्यात आईकडची प्रत चालू, दुसऱ्यात वडिलांकडची. म्हणूनच अशी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते.

रेटच्या मुलीचा मेंदू असाच ठिपक्यांचा असतो. काही पेशींत निरोगी प्रत चालू, काहींत बिघडलेली. निरोगी पेशींचा वाटा जास्त पडला तर आजार सौम्य, कमी पडला तर तीव्र. साधारण दहा ते पंधरा हजार मुलींमागे एकीला हा आजार होतो. मुलग्यांकडे एक्सची एकच प्रत असते. तीच बिघडलेली असली तर जन्मापासूनच फार गंभीर त्रास होतो आणि बरेचजण लहान वयात दगावतात. मात्र ज्यांच्या काही पेशींतच दोष असतो, किंवा ज्यांच्याकडे एक्सची जास्तीची प्रत असते, अशा मुलग्यांमध्ये मुलींसारखाच रेट दिसू शकतो. म्हणजे ‘मुलगा आहे, रेट नसणारच’ असं म्हणून तपासणी टाळणं चूक आहे.

दुसरी गोष्ट जनुकात दोष नेमका कुठे आहे याची. अहवालात आर१६८एक्स, आर२५५एक्स, आर१३३सी अशी काहीतरी अक्षरं दिसतात. मधला आकडा जागा सांगतो. शेवटचा ‘एक्स’ म्हणजे प्रथिन तिथेच अर्धवट तुटलं. इतर अक्षर म्हणजे प्रथिन पूर्ण बनलं, पण त्यातला एक घटक बदलला. सुरुवातीच्या भागात तुटलेलं प्रथिन बहुधा तीव्र आजार देतं. आर१३३सी, आर३०६सी किंवा शेवटाकडचा आर२९४एक्स असला तर मुली तुलनेने बऱ्या असतात, काहींचं चालणं किंवा काही शब्द टिकतात. पण हा समूहाचा हिशोब झाला. अगदी तोच दोष असलेल्या दोघींपैकी एक धावते आणि दुसरी बसूही शकत नाही, असं घडतं. अहवालातली अक्षरं इंटरनेटवर टाकून रात्रभर मुलीचं भविष्य शोधणाऱ्या पालकांना मी एवढंच म्हणेन की तिच्याकडे बघा, ती तुम्हाला त्याहून जास्त सांगेल.

सुरुवातीच्या काही महिन्यांतच जोरदार फिट्स आल्या असतील तर सीडीकेएल५ किंवा फॉक्सजी१ या जनुकांची तपासणीही व्हायला हवी. त्यांच्यातल्या दोषांमुळे होणाऱ्या आजारांना एकेकाळी रेटचेच प्रकार मानत. आता ते वेगळे आजार समजले जातात.

‘कुणाच्या घराण्यातून आलं?’

जवळजवळ नेहमीच, कुणाच्याच नाही. ९९ टक्क्यांहून अधिक मुलींमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आणि बहुतेक वेळा शुक्राणू तयार होताना. हजारो कोटी पेशी बनताना एका अक्षराची चूक होते, ती कुणाच्या खाण्यामुळे, औषधामुळे, लसीमुळे, कामाच्या ताणामुळे होत नाही. वडिलांनी हे वाक्य ऐकून दोष स्वतःकडे ओढून घ्यायचंही कारण नाही. त्यावर कुणाचाच ताबा नसतो.

पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. शून्य मात्र नाही. क्वचित आईमध्ये तोच दोष असतो, पण तिच्या बहुतेक पेशींनी बिघडलेली प्रत बंद केलेली असल्यामुळे तिला काहीच त्रास नसतो. क्वचित आईच्या किंवा वडिलांच्या फक्त काही बीजपेशींतच दोष असतो आणि तो रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून आईची तपासणी करतात, आणि पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करण्याचा पर्याय सांगतात. हे जनुकतज्ज्ञाशी सविस्तर बोलावं. दोन मिनिटांत घाईघाईने उरकण्याचा हा विषय नाही.

बोलणं गेलं, सांगणं गेलं नाही

रेटमध्ये शरीराचा सगळ्यात मोठा अडथळा अप्रॅक्सिया. करायचं काय ते कळतं, करायची इच्छा असते, पण मेंदूतला तो हुकूम स्नायूंपर्यंत नीट, वेळेवर पोचत नाही. आणि जितका प्रयत्न करावा तितकं ते अवघड होतं. नकळत, सहज जी गोष्ट होऊन जाते तीच मागितली की होत नाही. घरचे म्हणतात, ‘सकाळी स्वतःहून कप धरला होता, आता मुद्दाम करत नाही.’ मुद्दाम करायला सांगितलं, हीच तर अडचण.

समजा, पाच वर्षांची एक मुलगी समोर बसली आहे. आई दोन्ही हातांत दोन वस्तू धरते, एकीकडे चेंडू, दुसरीकडे पुस्तक, दोन्हींत चांगलं हातभर अंतर ठेवून. ‘काय हवं?’ एवढंच विचारते. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग मुलीचा श्वास वाढतो. हात आणखी जोरात चोळले जातात. मान दुसरीकडे वळते, ती खिडकीकडे बघते. इथेच बहुतेक माणसं हरतात. त्यांना वाटतं हिचं लक्ष नाही, आणि ती पुन्हा विचारतात: ‘सांग ना, चेंडू हवा की पुस्तक? इकडे बघ, इकडे.’ झालं, आत जुळत आलेलं सगळं मोडलं. आता तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. आई मात्र गप्प राहते. पंधरा-वीस सेकंद जातात. वाट बघणाऱ्याला ती फार लांब वाटतात. आणि मग मुलीची नजर वळते, पुस्तकावर येते, आईच्या चेहऱ्यावर जाते आणि पुन्हा पुस्तकावर येते. तिने सांगितलं.

या एवढ्याशा गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहतं. आधी वस्तू, मग फोटो, मग चित्रांची पानं असलेली वही, मग नजरेने चालणारा कॉम्प्युटर. त्या यंत्रात पडद्याखालचा कॅमेरा डोळ्यांची जागा टिपतो. मुलगी एखाद्या चित्रावर नजर स्थिर करते आणि यंत्र तो शब्द बोलतं. यंत्र महाग असतं आणि ते यायला वेळ लागतो. पण तोवर वाट बघत बसू नये. कागदावरची चार चित्रंही तेच काम करतात, आणि यंत्र बंद पडलं तरी ती चालतात.

स्पीच थेरपिस्ट दोन गोष्टी वारंवार सांगतात, आणि माझ्या मते त्या अख्ख्या आजारातल्या सगळ्यात मोलाच्या आहेत. पहिली: परीक्षा घेऊ नका. ‘लाल कुठला दाखव’ असं दहा वेळा विचारलं की हुशार मूल अकराव्या वेळी तोंड फिरवतं, आणि मग अहवालात ‘रंग ओळखत नाही’ असं लिहिलं जातं. दुसरी: तिच्याशी बोलताना चित्रांवर स्वतः बोट ठेवून बोला. बोलणारी मुलं ऐकून ऐकून भाषा शिकतात. चित्रांची भाषाही कुणीतरी वापरताना आधी बघायला मिळाली पाहिजे, आणि तीही महिनोन्‌महिने.

हातांची चाळवाचाळव जबरदस्तीने थांबवून काही साधत नाही. पण एक युक्ती बऱ्याचजणींना उपयोगी पडते: एका कोपराला मऊ स्प्लिंट (कोपर वाकू न देणारा आधार) घातला किंवा तो हात हळूच धरून ठेवला की दोन्ही हात एकमेकांना सापडत नाहीत, आणि दुसरा हात काही करायला मोकळा होतो.

ती समोर असताना तिच्याबद्दल बोलू नका, हे वेगळं सांगायला नको होतं. पण सांगावं लागतं.

शरीराकडे लक्ष

श्वासाचा त्रास नवीन माणसाला घाबरवतो. जागेपणी मुलगी अचानक भराभर, खोल श्वास घेऊ लागते, मग श्वास रोखते, ओठ निळसर होतात, आणि पुन्हा सगळं सुरळीत होतं. काहीजणी हवा गिळतात आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगून टणक होतं. झोपेत हा प्रकार बहुतेक थांबतो. यावर हमखास लागू पडेल असं औषध अजून नाही.

यातलंच काही फिट्ससारखं दिसतं. साठ ते ऐंशी टक्के मुलींना कधी ना कधी एपिलेप्सी होते, पण टक लावून थांबणं, अंग कापणं, श्वास रोखणं यातलं प्रत्येक फिट नसतं. उलट रेटच्या जवळजवळ सगळ्या मुलींचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, बिघडलेला येतो, फिट्स नसल्या तरी. त्यामुळे केवळ कागदावरच्या ईईजीवरून औषध वाढवत नेऊ नये. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावेत, आणि शंका असेल तर व्हिडिओसह लांब ईईजी करून घ्यावा. नको असलेली फिटची औषधं मुलीला सुस्त करतात, आणि मग ती सुस्ती आजाराच्या नावावर जाते.

हृदयाची गोष्ट सहज राहून जाते. जवळपास पाचातल्या एकीच्या ईसीजीमध्ये क्यूटी हे अंतर लांबलेलं असतं, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्यानंतर विजेच्या दृष्टीने सावरायला जास्त वेळ घेतं. त्यातून ठोक्यांची लय जिवावर बेतेल अशी बिघडू शकते. म्हणून निदान होताच आणि पुढे दरवर्षी ईसीजी. काही नेहमीची औषधंही हे अंतर वाढवतात: एरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स, काही मानसिक आजारांची औषधं, पोटाची काही औषधं. सर्दी-खोकल्यासाठी गेलेल्या नव्या डॉक्टरला हे आपणच सांगायचं असतं.

कणा वाकणं बहुतेकींमध्ये कधी ना कधी येतं, आणि वयात येताना झपाट्याने वाढतं. फिजिओथेरपीने, शक्य तितकं उभं ठेवण्याने आणि नीट बसवण्याने त्याचा वेग कमी करता येतो. वाक ४० ते ५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. चालणाऱ्या मुलीचं चालणं टिकवणं ही रोजची मेहनत आहे. एखादी लांबलेली आजारपणाची सुट्टीही ते घालवू शकते.

चावणं-गिळणं अवघड झालं की जेवायला तासन्‌तास लागतात आणि वजन वाढत नाही. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असला तर पोटात थेट नळी बसवावी लागते. नळी म्हणजे हार, असं अनेक घरांत मानलं जातं. पण नळी बसवल्यावर पोषण नळीने होतं, आणि चवीपुरतं खाणं सुरक्षित असेल तर तेवढं तोंडाने देता येतं. मग जेवणाची वेळ मायलेकींसाठी लढाई राहत नाही. मलावरोध जवळजवळ सगळ्यांना. हाडं ठिसूळ. हातपाय थंडगार, कधी जांभळट. दात खाणं. रात्री मध्येच उठून खदाखदा हसणं किंवा किंचाळणं.

यात एक धोका लपलेला आहे. या मुलींना वेदना होतात, पण ती दाखवायला उशीर लागतो किंवा ती नेहमीच्या पद्धतीने दिसत नाही. हाड मोडूनही मुलगी दोन दिवस फक्त चिडचिड करते. म्हणून ती अचानक रडायला लागली, जेवण सोडलं, रात्री किंचाळू लागली, तर ‘रेटमुळे होतं असं’ हे उत्तर सगळ्यात शेवटी यावं. आधी कान, दात, ॲसिडिटी, मलावरोध, पित्ताशयातले खडे, लघवीचा संसर्ग आणि हाडं तपासावीत.

औषधं कुठवर आली

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. दोन वर्षांपुढच्या रेटच्या रुग्णांसाठीचं हे पहिलंच खास औषध. शरीरातल्या वाढीच्या एका घटकाचा छोटासा तुकडा घेऊन ते बनवलेलं आहे. दिवसातून दोनदा पातळ स्वरूपात द्यायचं. १२ आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या मुलींची स्थिती, पालकांच्या आणि डॉक्टरांच्या दोघांच्याही मोजमापात, औषध नसलेल्या गटापेक्षा थोडी बरी दिसली. ‘थोडी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. जुलाबांचा त्रास पाचातल्या चौघींना झाला. काही घरांनी त्यामुळे औषध सोडलं, काहींना नजर, हातांचा वापर, उत्साह यात फरक जाणवला आणि त्यांनी ते चालू ठेवलं. जनुकातला दोष हे औषध दुरुस्त करत नाही.

तो दुरुस्त करू बघते जनुकोपचार पद्धती. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून निरोगी जनुक पेशींत पोचवायचं. ऐकायला सरळ वाटतं, पण इथे एक मोठी मेख आहे. हे प्रथिन कमी पडलं तर रेट, आणि जास्त झालं तर दुसराच गंभीर आजार. एमईसीपी२ ची एक प्रत जास्त असलेली मुलं, बहुतेक मुलगे, फिट्स, वारंवार संसर्ग आणि तीव्र मतिमंदत्वाने त्रस्त असतात. रेटच्या मुलीच्या अर्ध्याअधिक पेशींत निरोगी प्रत आधीच चालू असू शकते. तिथेही नवं जनुक जाऊन बसलं तर? म्हणून संशोधकांनी जनुकासोबत त्याचं प्रमाण आवरणाऱ्या रचना जोडल्या आहेत. माणसांवरच्या चाचण्या २०२३ पासून सुरू आहेत. २०२४ मध्ये एका चाचणीत जास्त डोस दिलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि तो डोस बंद करण्यात आला. कमी डोसवर काम चालू राहिलं. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बरी होईल’ असं सांगणाऱ्यापासून आणि ‘काही होणार नाही’ असं सांगणाऱ्यापासून सारखंच लांब राहावं. मधल्या काळात कणा सरळ, हाडं मजबूत, सांधे मोकळे आणि संवाद चालू ठेवणं याला दुहेरी अर्थ आहे: आजचं जगणं बरं होतं, आणि उद्या काही उपचार आलाच तर त्याचा फायदा घेणारं शरीर शिल्लक असतं.

मोठ्या झालेल्या मुली

बहुसंख्य मुली आता चाळिशी पार करतात. बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना मात्र सगळं विस्कटतं. लहानपणापासून ओळखणारी माणसं सुटतात आणि नव्या डॉक्टरने रेटची रुग्ण कधी पाहिलेलीच नसते. अनेक मध्यमवयीन स्त्रियांचं तर जनुकीय निदानच झालेलं नाही, कारण त्या लहान होत्या तेव्हा चाचणीच नव्हती; त्यांच्या फाइलीवर अजूनही ‘सेरेब्रल पाल्सी’ किंवा नुसतंच ‘मतिमंद’ लिहिलेलं असतं. अशांचा ईसीजी निघालेला नसतो, आणि खरी काळजी तिथेच आहे.

मासिक पाळी सुरू झाल्यावर काहीजणींच्या फिट्स त्या दिवसांत वाढतात, त्याची नोंद ठेवली तर औषध बेतता येतं. बऱ्याचजणींच्या फिट्स वयानुसार कमी होतात आणि हातांची चाळवाचाळवही मंदावते. ताठरपणा वाढतो, म्हणून फिजिओथेरपी मोठेपणी बंद करणं महागात पडतं.

अनुभवी पालक एक कागद कायम सोबत ठेवतात. एकच पान, मोठ्या अक्षरात. वजन, चालू औषधं, शेवटच्या ईसीजीची तारीख आणि क्यूटीचा आकडा, कुठली औषधं द्यायची नाहीत, भूल देताना काय लक्षात ठेवायचं. तिचा नेहमीचा श्वास कसा असतो, म्हणजे इमर्जन्सीतला डॉक्टर उगाच घाबरणार नाही आणि खरंच बिघडलं तर त्याला कळेल. गिळता काय येतं, काय नाही. आणि सगळ्यात वर, तिच्या नावाच्या खाली: दुखतंय हे ती कसं दाखवते, ‘हो’ म्हणताना काय करते, ‘नाही’ म्हणताना काय करते, आणि उत्तरासाठी साधारण किती वेळ थांबावं लागतं.